पाठकोरा कागद

३ फेब्रु. ७९, शनिवार

लेख परत. तिसऱ्यांदा. माझ्याच अक्षरातला पत्ता, माझंच पाकीट, माझ्याच हातात. पोस्टमन आता ओळखतो. हसतो साला.

या वेळी निदान आत चिठ्ठी होती. पेपरची रविवार पुरवणी पाहणारे कुणी देशकर. लाल शाईत दोन वाक्यं: 'कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिले आहे. वाचलेले नाही.'

वाचलेले नाही! 'आजच्या तरुणांचा कोंडमारा', अठरा पानं, तीन आठवडे झिजलो, आणि ह्या माणसाला कागद उलटवायचाही कंटाळा. सोमवारी जाऊन तोंडावर विचारतो.

सु.ला सांगितलं नाही. (पूर्ण नाव ह्या वहीत लिहायचं नाही. ताई वही उघडते. ताई, वाचत असशील तर कालच्या वांग्यात मीठ नव्हतं.)

५ फेब्रु., सोमवार

गेलो. भांडायलाच गेलो होतो. देशकर म्हणजे वाळका माणूस, चष्मा कपाळावर.

"बसा."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं ऐका." असं म्हणून उठले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले, जिथे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतात. तिथला फोरमन गुलाबराव. त्याने माझ्यासमोर कुणाचातरी लेख घेतला, कात्रीने आडवा कापला, चार तुकडे केले नि चार कंपोजिटरांपुढे ठेवले. चौघं एकदम जुळवायला लागले. कुणी मान वर केली नाही.

"आता सांगा," देशकर म्हणाले, "मागच्या बाजूचं काय झालं?"

गुलाबराव हसला. "मांगचं आमच्यासाठी नसतेच भाऊ. उलटून पाह्यत बसलो तं आजचा पेपर परवा निघन."

पाठकोरं लिहायचं, डावीकडे चार बोटं समास. ही चूक क्र. १. आणि पुरवणी रविवारी निघत असली तरी बुधवारी जुळवून लागते, गुरुवारी छापून मोकळी. गठ्ठे जिल्ह्यात जायचे असतात. गुरुवारनंतर देव आला तरी अक्षर हलत नाही.

मग टेबलाशी परत येऊन माझं पहिलं पान वाचलं त्यांनी. मोठ्याने. 'आजच्या या स्वार्थी, निर्दय आणि यंत्रवत जगात...' शेजारच्या टेबलावरचा मान खाली घालून हसत होता. त्याचा गळा धरणार होतो.

"हे वाचणारा दुसऱ्या पानावर मेला बापू. अठरा पानांत एक माणूस नाही. नाव असलेला, काहीतरी काम करणारा एक माणूस आणा. मग या."

सायकलवर घरी येईपर्यंत शिव्या देत होतो. घरी आल्यावर लेख वाचला. खरंच माणूस नाही.

७ फेब्रु., बुधवार

सु. भेटली. कॉलेजपुढच्या स्टॉपवर, कामठीची बस यायच्या आधी अठरा मिनिटं. ती कॉलेजात, मी फाटकाबाहेर. सरांनी माझ्या निबंधाला भर वर्गात 'सभेतलं भाषण' म्हटलं नि मी तो फाडून त्यांच्या टेबलावर टाकला. मग माफी माग म्हणाले. नाही मागितली. तेव्हापासून भाऊजींच्या इतवारीतल्या दुकानात कापड फाडतो. फाडण्याचं काम चालूच.

सु. आज बसच्या दिशेनेच पाहत बोलत होती.

"भंडाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले. अकरा मार्चले. पोरगा बँकेत आहे."

"तू काय म्हणाली?"

"मी काय म्हनू? बाबा इचारतील, तुह्या मनातला पोरगा काय करते? सांगू, कॉलेज सोडलं न् लोकायचे परकर मोजते?"

"आणि पेपरात लेख आला तं? नावानिशी?"

तेव्हा पाहिलं माझ्याकडे. "तं पेपर बाबासमोर ठेवीन. हा तो पोरगा म्हनीन. माहा बाबा पेपर अक्षरन् अक्षर वाचते मधू. छापलेल्या गोष्टीले लय मानते."

बस आली.

अकरा मार्च. म्हणजे बत्तीस दिवस. छापून येईल नाहीतर...

११ फेब्रु., रविवार

नाव असलेला, काम करणारा माणूस. तो मला आधीपासूनच माहीत होता! तिचेच बाबा. तुळशीरामजी. कामठीला एका शेठच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे विणणाऱ्याचं लूम बिघडलं की दुरुस्त करणारा. चोवीस लूम एकट्याच्या हाताखाली.

सु.ला न सांगता गेलो. पेपरात लिहितो म्हणून सांगितलं. (अर्धं खोटं.)

"जयभीम," ते म्हणाले. मी 'नमस्कार' म्हणालो. बसमध्ये दोनदा घोकलं होतं, ऐन वेळी जीभ घरची निघाली. हसले थोडे.

शेडमधला आवाज कसा सांगू. छाती आतून कुणी कुटतंय असं वाटतं. तासभर त्यांच्यामागे फिरलो. डोळे मिटतात, लूमच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवतात, नाडी पाहावी तसा. मग डोळे उघडून म्हणतात, "ह्याचा धोटा सांजेपर्यंत दगा देईन." आणि आडवा धागा नेणाऱ्या त्या धोट्यावर हात फिरवून तिथेच नीट करतात. विणणारे त्यांना उस्ताद म्हणतात.

माझ्याशी बोलताना मला दोनदा खांद्याला धरून समोर उभं केलं. तोंडाकडे पाहत ऐकतात. मला वाटलं, माणसाला किती मान देतात.

जेवणाच्या सुटीत संत्रं सोलून अर्धं मला दिलं. छप्पन सालानंतर रात्रीच्या शाळेत लिहा-वाचायला शिकलो म्हणाले, तोपर्यंत अंगठा. निघताना:

"लिव बाबू, काही हरकत नाही. पन कारागीर म्हनून लिव. बिचारा म्हनून नको लिवू."

१३ फेब्रु., मंगळवार

सु.ला सांगितलं. आधी चिडली. "कोनाले इचारून गेला तू?" मग हसू आलं तिला. बाबा घरी येऊन म्हणाले म्हणे, पेपरवाला पोरगा आला होता, बोलते लय पन पाह्यते बरं.

पाह्यते बरं!! तेव्हापासून जमिनीवर नाही मी.

मी तळहाताचं सांगायला लागलो, मान देऊन ऐकण्याचं सांगायला लागलो, तर तिचा चेहरा उतरला. स्टॉपवर दुसरं कुणी नव्हतं.

"तो मान नाही गा. बाबाले ऐकू येत नाही."

चार वर्षं झाली. लूमने कान खाल्ले. ओठ वाचतात आणि हाताने लूम ओळखतात. घराबाहेर कुणाला माहीत नाही. शेठला कळलं तर जॉबरचं काम जाईल, कान नसलेल्याकडे चोवीस लूम कोण ठेवेल. शेठला वाटतं उस्तादाची तंद्री आहे म्हणून डोळे मिटतो. घरात हाक मारायची झाली की ही नि हिची आई जमिनीवर पाय आपटतात. पायाला धक्का लागला की ते वळून पाहतात.

"कोनाले सांगू नको. माही शपथ."

तिची शपथ घेतली. हातावर हात ठेवून. पहिल्यांदा.

१६ फेब्रु., शुक्रवार

तीन दिवस लेख लिहितो आहे. कान सोडून. कान सोडला की लेख भुसा. डोळे मिटणारा कारागीर, वा वा, छान छान. कशाला मिटतो ते नाही. देशकर फेकून देतील. आणि अकरा मार्च येऊन राहिला.

१७ फेब्रु., शनिवार

लिहिलं. सगळं लिहिलं. कान, ओठ, तळहात, जमिनीवर आपटलेला पाय. एका बैठकीत, दुकानाच्या माडीवर, गाठोड्यांवर बसून. खाली भाऊजी हाका मारत होते, मला ऐकू येत नव्हतं. वाचताना मलाच रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्यही भाषण नाही.

शपथ आहे. माहीत आहे मला. म्हणून शेवटच्या पानाच्या मागे ठळक लिहिलं: 'संपादकांस: नाव व गाव कृपया बदलावे.' समोर जागाच नव्हती. शेवटचं वाक्य पानाच्या तळाशी इतकं नेमकं बसलं होतं. आणि ते कंपोजिटरसाठी नाही, संपादकासाठी आहे. संपादक पाहील.

मीच का नाही बदललं? दुसरं नाव घालून पाहिलं. लेखातला माणूस मरत होता.

१९ फेब्रु., सोमवार

देशकरांनी उभ्यानेच वाचलं. बसा म्हणायला विसरले. पूर्ण वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

मी मान डोलावली.

"ज्याच्यावर लिहिलंय त्याला वाचून दाखवलंत?"

"हो."

तोंडातून निघून गेलं. एवढंसं. हो.

"मग चालेल." वरच्या कोपऱ्यात सही केली, २५ तारखेची पुरवणी. कागद तसेच गुलाबरावकडे गेले. उलटवले नाहीत. मी पाहत होतो, उलटवले नाहीत. मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. कदाचित नंतर पाहतील असं...

संध्याकाळी ताईसाठी जिलेबी घेऊन गेलो. "काय रे, कोणती गंगा न्हाला?" म्हणाली.

२२ फेब्रु., गुरुवार

गुलाबरावनेच बोलावून हातात दिलं. शाई ओली. 'कामठीचे तुळशीरामजी', लेखक: मधुकर वानखडे.

दोन नावं. माझं पाहिलं आधी. हे खोटं नाही लिहीत, आधी माझंच पाहिलं. कितीतरी वेळ. मग दुसरं.

"गुलाबराव, नाव बदला. बंद करा मशीन!"

"काहून गा? काय चुकलं? अक्षर चुकलं?"

"मी मागं लिहिलं होतं! शेवटच्या पानामागं!"

गुलाबरावने भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेले माझ्या लेखाचे तुकडे काढले. शेवटचा उलटवला. माझं ठळक अक्षर, तसंच्या तसं, कुणाची नजर न पडलेलं. "भाऊ," म्हणाला, "तुले पयल्याच दिवशी दाखवलं होतं न मी." मशीन चालूच होतं. गठ्ठे बांधून होत आले होते.

देशकरांकडे धावलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"वाचून दाखवलं म्हणालात."

"हो म्हणालो."

"आणि?"

"नाही दाखवलं."

त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पुढचा लेख वाचायला घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो. मला तेवढंच येतं.

२४ फेब्रु., शनिवार

काल-आज दोन्ही दिवस स्टॉपवर. सु. आली नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, आईला ताप आहे. उद्या पेपर.

२५ फेब्रु., रविवार

पहाटेची बस धरून कामठी. स्टँडवर पेपरवाल्याकडे होते तेवढे अंक घेतले. चौदा. "घरी लगन आहे का तुमच्या?" म्हणाला. शिवी दिली त्याला, मग तोंड लपवून पळालो.

त्यांच्या घरी पेपर सायकलने येतो. ती सायकल मी समोरून जाताना पाहिली. थांबव म्हणालो असतो तर काय कारण सांगणार होतो?

चौदा अंक गाठोड्यात दडवले आहेत. सुरेख छापलंय. एक अक्षर चुकलं नाही.

२७ फेब्रु., मंगळवार

सु. आली. बस यायला वेळ होता तरी ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी ओलांडून गेलो.

जसं सांगितलं तसंच लिहितो. बाबांनी पूर्ण वाचलं. घडी घातली. मग तिच्याकडे पाहून फक्त एवढं म्हणाले, "पाय आपटता तुम्ही, हे त्याले कोनं सांगतलं?"

बस. तिला काहीच सांगावं लागलं नाही. आमचं सगळं त्या एका वाक्यात छापलेलं होतं. तेच वाक्य मला सगळ्यात आवडलं होतं.

काल, सोमवारी, शेठच्या मुनीमाने लेख शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. शेठने बोलावून घेतलं, पाठमोरं उभं केलं आणि मागून तीनदा नाव घेतलं. बाबा वळले नाहीत. येत्या सोमवारी, पाच तारखेला, दुसरा जॉबर ठेवायचा की नाही ते ठरवतो म्हणाला. तोपर्यंत दाराशी बसायचं.

"लूमले हात लावू देत नाही मधू. स्टुलावर बसवते. पोरं येऊन तोंडासमोर ओठ हलवते न् पाह्यते, समजलं का म्हनून."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"चूप. तू रविवारपर्यंत पेपरात खुलासा दे. मी हे मनानं रचलं म्हनून लिव. तुळशीरामले चांगलं ऐकू येते, शेठची हाक लूमच्या आवाजात ऐकू नसन गेली, म्हनतो आमी. माहं नाव तुह्या वहीत असन तं फाडून टाक."

"नाही आहे नाव."

"मंग ठीक आहे."

२८ फेब्रु., बुधवार

दुकानात पाच वार मागितलेलं कापड साडेतीन वारांवर फाडलं. भाऊजी ओरडले, मी मोजायचा गज फेकला. आरसा फुटला. ताईने वही वाचली आहे, डोळ्यांवरून कळलं. "आपल्यातले नाही न ते लोक मधू," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, आपल्यातला मी आहे ना, पाहा काय केलं मी. तिला समजलं नाही. मलाही आत्ता लिहिताना समजलं.

देशकरांना भेटलो. खुलासा रोजच्या अंकात दुसऱ्या पानावर छापतात. शनिवारी पाचपर्यंत दिला तर रविवारी येईल.

"छापतो. पण 'मनाने रचले' असं लिहून दिलंत तर तुमचा एक शब्द पुन्हा या टेबलावर येणार नाही. दुसऱ्या पेपरांतही नाही, गाव लहान आहे. तो लेख खरा आहे हे मलाही कळतं. विचार करा."

विचार कसला.

१ मार्च, गुरुवार

खुलासा लिहिला. पाठकोरा कागद, समास चार बोटं. सहा ओळी. 'दि. २५ च्या पुरवणीतील लेखात श्री. तुळशीरामजी यांच्या श्रवणासंबंधी जे लिहिले ते सर्वस्वी माझ्या कल्पनेतील असून...' वगैरे. अक्षर माझं, वाक्य दुसऱ्या कुणाचंतरी. सही केली.

आणि एक इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. मागच्या बाजूला कुणी पाहत नाही हे मला माहीत होतं. गुलाबरावने कात्री चालवून दाखवलं होतं. मी ते मागं लिहिलं कारण ते कुणी वाचायला नको होतं मला. शपथही पाळली म्हणता यावं नि नावही छापून यावं. तुळशीरामजींनी आपलं नाव पेपरात पाहावं, खूश व्हावं, म्हणावं की लिहिणारा पोरगा कोण तो आणा. असं मी ठरवलं नव्हतं. पण तसंच होतं.

खुलासा द्यायच्या आधी ह्या वेळी वाचून दाखवणार आहे. मारतील तर मारतील.

२ मार्च, शुक्रवार

शेडच्या दाराशी, स्टुलावर. पाठ माझ्याकडे होती. आत लूम धडधडत होते नि ते चौकटीला टेकून बसले होते, तळहात दाराच्या लाकडावर. मला हाक मारता येत नव्हती. पाय आपटला असता तर वळले असते. तो हक्क त्या घराचा. वळसा घालून समोर जाऊन उभा राहिलो.

पाहिलं. उठले नाहीत.

"जयभीम," मी म्हणालो. ओठ नीट हलवून.

"आता आलं," म्हणाले. हसले नाहीत.

कागद दिला. चष्मा काढून पुसला, घातला, वाचला. सहा ओळींना किती वेळ.

"हे खोटं आहे."

"हो."

"पोरीनं सांगतलं लिवाले?"

मी गप्प राहिलो. तेही त्यांनी वाचलं असेल.

"पयले खरं लिवलं, मले न इचारता. आता खोटं लिवून राहिला, तेही न इचारता. अबे, माह्यावर लिवतं न तू? मंग मले कधी इचारशील?"

इतक्या आवाजातही ते मोठ्याने बोलले नाहीत. त्यांना आवाजच कळत नाही, तरी नाही बोलले मोठ्याने. म्हणालो, माफ करा. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो हा शब्द, सरांना नव्हता म्हटला.

"माफी-गिफी ठेव. बिचारा नाही लिवलं तू, तेवढं पाह्यलं मी." कागदाची घडी करून खिशात टाकली. "उद्या सकाळी घरी ये. दारातून परत जाजो."

३ मार्च, शनिवार. दुपार पाऊण

छापखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी गेलो. तुळशीरामजींनी दारातच तोच कागद दिला नि आत गेले. भिंतीवरचा फोटो, खाली मेणबत्ती, एवढं दिसलं. कागद उलटवला. मागच्या बाजूला निळ्या शाईत, रात्रीच्या शाळेतलं मोठं, सुटं अक्षर:

'मी तुळशीराम. लेख खरा आहे. मले ऐकू येत नाही चार वर्ष झाले. चार वर्षात माह्या हाताखालचा एक लूम एक दिवस बंद पडला नाही. ज्याले शंका आहे त्यानं येऊन लूम लावून पाहावा. मी दाराशीच बसलो आहे.' खाली सही.

गल्लीच्या तोंडाशी सु. उभी होती. बाल्टी घेऊन, नळावर आल्यासारखी.

"मांगचं छापू नको मधू."

"त्यांनी दिलं आहे."

"देतीनच. त्यायले हेका आहे. सोमवारी शेठनं घरी बसवलं तं हेका खाऊ का आमी? समोरचं छाप. तू लिवलं ते." मग हळू, "मी वाचलं मांगचं. अर्धी रात्र लिवत होते. चार कागद फाडले, मंग तुह्याच कागदावर लिवलं."

"भंडाऱ्याचं?"

"बाबानं अजून काही कळवलं नाही त्यायले. ना हो, ना नाही." बाल्टी उचलली आणि गेली. रिकामीच.

इथे आलो. गुलाबरावने कागद घेतला, समोरचं वाचलं. मग, कधी नव्हे ते, स्वतःहून उलटवलं. वाचलं. कात्री खाली ठेवली.

"दोन्ही तं लागत नाही भाऊ. कोनतं लावू?"

समोरचं लावलं तर पहिल्या लेखाबरोबर लिहिणारा मेला, आणि एका माणसाने आपल्या हाताने लिहिलेली पहिली गोष्ट पुन्हा मागच्या बाजूला. मागचं लावलं तर सोमवारी... आणि ती. देशकरांना विचारलं तर चष्मा वर करून म्हणाले, "मला काय विचारता बापू? ज्याच्यावर आहे त्याला विचारा."

मी सरळ 'मागचं लाव' म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तसंच, जसं 'हो' आलं होतं. पुन्हा मीच ठरवणार, पुन्हा कुणाच्या तरी पाठीमागे. तिने बाबांच्या मागे सांगितलं, बाबांनी तिच्या मागे लिहिलं, आणि मधे मी कागद घेऊन फिरतोय.

गुलाबराव म्हणतो, दुसऱ्या पानावर सहा ओळींची जागा मोकळी सोडतो, पाचपर्यंत थांबतो. त्यापुढे तिथे मलमाची जाहिरात जाईल.

एकची बस छापखान्यासमोरूनच आहे. त्या घरात दोघांना एकाच खोलीत समोरासमोर उभं करून विचारणार. आतापर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. घेतील का आत, माहीत नाही. घेतलं तर त्यांच्यासमोर तिच्याशी बोलावं लागेल, ओठ नीट हलवून, लपवता येणार नाही असं.

कागद वरच्या खिशात आहे. वही इथेच गुलाबरावच्या टेबलावर ठेवून जातो, बसमध्ये गर्दी असते. ताईनेच वाचायची असं काही नाही आता.

तिचं नाव सुमन.

बस लागली.